एका वाटीची शाळा

माकणी, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६५
(निजामाच्या तहसिलीत बहमन महिना, तुझ्या सोलापुरात डिसेंबर. ज्याला जो सोसेल तो त्यानं घ्यावा.)

चिरंजीव आणि सध्या रुसलेले धोंडप्पा यांस थोरल्या भावाचा आशीर्वाद. नको असेल तर परत पाठव, इथं वाया जाणार नाही.

पहिली तक्रार डिंकाची. तू पाकीट चिकटवतोस की कणगी लिंपतोस, हे एकदा कळू दे. दर पत्राची शेवटची ओळ डिंकाला चिकटून फाटते, आणि तुझ्या पत्रात मुद्द्याचं काही असलंच तर ते शेवटच्याच ओळीत असतं. वरचं सगळं हवापाणी. मठात बारा वर्षं मी वाळवीनं खाल्लेल्या पोथ्या जुळवल्या. वाळवी निदान कुठूनही खाते. तुझा डिंक थेट तात्पर्य खातो.

झालं. आता शांतपणानं लिहितो.

तू मला दोन वर्षांत पत्र लिहिलेलं नाहीस. तू शांतम्माला लिहितोस. तुझ्या बायकोला वाचता येत नाही, म्हणून वाचायचं मी. थोरल्या दिराशी ती बोलणार नाही. ती उंबऱ्याच्या आत पदर घेऊन बसते आणि जे सांगायचं ते ओसरीच्या खांबाला सांगते. म्हणजे तिला आलेलं पत्र मी खांबाला वाचून दाखवतो आणि खांबाचं उत्तर तुला लिहितो. या घरात सर्वांत जास्त माहिती त्या खांबाला आहे. मागच्या पत्रात "थोरल्यांना म्हणावं, आपली वाटी अन् आपलं पंचांग घेऊन बसा" असं एक वाक्य होतं. ते मी शुद्ध उच्चारात, योग्य ठिकाणी थांबून वाचलं. आतून हसू ऐकू आलं. खांब हसत नसावा.

आणि ज्या वाटीला तू नावं ठेवतोस, ती आपल्या आज्ज्याची आहे. तळाला भोक असलेली तांब्याची साधी वाटी, पण घंगाळातल्या पाण्यावर ठेवली की बरोबर चोवीस मिनिटांनी भरून बुडते. एक बुडी म्हणजे एक घटका. गावातली सगळी लग्नं या वाटीवर लागली, तुझंसुद्धा. तुझ्या गिरणीच्या भोंग्यावर एक तरी लग्न लागलंय का, सांग.

आता तुझा हुकूम. "पोरांना तीन वाटांनी हाकू नका. एकच अभ्यासक्रम धरा. पाडव्याला येऊन परीक्षा घेईन." हुकूम सोपा आहे, पोरं अवघड आहेत. इरम्मा तेरा, नागप्पा दहा, धुळाप्पा सहा. गावात शाळा नाही, तेव्हा शाळा म्हणजे मी. "एकच" म्हणून तूच पाठवलेली तीन इयत्तांची तीन पुस्तकं आठवडाभर चालवून पाहिली. धुळाप्पाला अक्षर दाखवावं तोवर नागप्पा परसातून पसार. त्याला धरून आणावं तोवर इरम्मानं आपलं पुस्तक संपवून त्याचीही गणितं सोडवून ठेवलेली, आणि धुळाप्पानं स्वतःच्या पुस्तकातला बैल कातरून घेतलेला. बैल आता गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलाय. गव्हाच्या खळीनं. बघ, चिकटवणं असं असतं.

मग मी चार लोकांना सल्ला विचारला. ही माझी चूक. पाटील बब्रुवान म्हणाले, "शास्त्री, उर्दू शिकवा. तहसिलीत चिकटली की जन्माचं कल्याण." आतून खांबाला सांगण्यात आलं, "पावकी, निमकी, दीडकी पाठ करून घ्या म्हणावं. मापात कुणी फसवू नये." मी अर्थात संस्कृताच्या बाजूचा. शिवः शिवौ शिवाः म्हणायला लावलं, तर धुळाप्पा या थोरल्या काकालाच म्हणाला, "दोड्डप्पा, शिव एकच हाय की. दोन कशाला?" सिद्धान्त म्हणून त्याचं बरोबर आहे, त्यामुळं रागावता आलं नाही.

राहिली ती शेवटची ओळ. सास्तूरच्या महालिंगप्पांच्या मुलाचं स्थळ इरम्मासाठी आलंय, तू शब्द दिलास, पाडव्यानंतर उरकायचं, पत्रिका पाठवावी. एवढं मला फाटक्या कागदावर लागलं. खांबाला मात्र मी ते वाचून दाखवलं नाही. डिंकात गेलं, असं सांगितलं.

पत्रिका पेटीत सापडत नाही. शोधतो आहे.


माकणी, पौष शुद्ध दशमी

धोंडप्पा,

अभ्यासक्रम सापडला. पत्रिका अजून नाही.

झालं असं, मागच्या पंधरवड्यात एकदा मी सहज विचारलं, आज काय आहे रे? धुळाप्पा म्हणाला सोमवार. नागप्पा चावडीवरून आलेला, तो म्हणाला बहमनची अमुक तारीख. इरम्मा म्हणाली एकादशी, पण दुपारपर्यंतच. तिघं तीन उत्तरं घेऊन भांडायला लागली आणि तिघंही बरोबर होती. मी तुझी तीन पुस्तकं फळीवर ठेवली आणि पंचांग मधे उघडून ठेवलं.

तेव्हापासून तिघांना एकच ग्रंथ. एकाच भिंतीला तीन उंचीवर खुंट्या ठोकल्यासारखं आहे. ज्याचा हात जिथं पोचेल तिथं त्यानं अडकवावं. धुळाप्पा वारांवरून अक्षरं शिकतो. "सो" आणि "मं" त्याला आले, गुरुवार त्याच्या मते उगाच अवघड केलाय. नागप्पानं अंगणात काठी रोवली आहे. तिची सावली सुतळीनं मोजायची आणि घटकांची मिनिटं करायची. तो पसार होत नाही, कारण सावलीजवळ बसायचं तर अंगणातच बसावं लागतं, आणि अंगणात शेजारच्या शेतातला हुरडा येतो. इरम्मा त्रैराशिक मांडून तिथी किती वाजता संपते ते काढते. पाटलांना तहसिलीचे, फसली सालाचे महिने मिळाले, खांबाला पावकी-निमकी मिळाली, मला नक्षत्रांची संस्कृत नावं मिळाली.

आतून अभिप्राय आला: "खांबा, दोन वर्सांत पयल्यांदा ह्या घरात समदी एकाच गोष्टीवर भांडत्यात. बरं वाटतंय."

आता खरं सांगतो. पत्रिका पेटीतच होती, वरच्याच घडीत. इरम्माला गणितासाठी एखादी पत्रिका हवी होती. लोकांच्या पोरीची देणं बरं नव्हे, म्हणून तिचीच दिली. तिनं उलटून पाहिली आणि म्हणाली, "आत्ताच का काढली, दोड्डप्पा?"

पोरीला खोटं सांगून तिच्याकडून खरं उत्तर मागता येत नाही. सांगितलं सास्तूरचं.

तिनं पाटीच्या चौकटीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग पाडव्यापतुर त्रैराशिक तरी संपंल का?" आणि उठून म्हशीला कडबा टाकायला गेली.

दाराआडून आवाज आला, "खांबा, डिंकाला जीभ फुटली म्हणावं." तीन दिवस झाले, खांब माझ्याशी बोलत नाही.

धोंडप्पा, महालिंगप्पांचं घर चांगलं आहे, दुकान चालतं, मुलगा निर्व्यसनी. स्थळात मला खोट काढता येत नाही. काढून पाहिली.


माकणी, माघ शुद्ध सप्तमी

धोंडप्पा,

हे पत्र बसून वाच. शेजारी कुणी असेल तर त्याच्या हातातला चहा खाली ठेवायला सांग.

सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस पौषात अठ्ठावीस घटकांचा असतो, असं पंचांग सांगतं. मी पोरांना म्हटलं, छापलेलं आहे म्हणून मानू नका, वाटीनं मोजा. धुळाप्पा सकाळपासून घंगाळाशी बसला. वाटी बुडाली की "बुडाऽली!" असं ओरडायचं आणि तिला पुन्हा वर काढायचं, हे त्याचं काम. नागप्पानं भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची. इरम्मानं बेरीज. एवढं एकचित्त मी मठात सोवळ्यातल्या माणसांचंही पाहिलं नाही.

सूर्य मावळला तेव्हा भिंतीवर बत्तीस रेघा.

मी धुळाप्पाला रागावलो. दुसऱ्या दिवशी नागप्पाला घंगाळाशी बसवलं. बत्तीस. तिसऱ्या दिवशी मी स्वतः अंघोळ करून, भस्म लावून बसलो. बत्तीस. तेव्हा मी पंचांगकर्त्यावर संशय घेतला. मग सूर्यावर घेतला. वाटीवर संशय घ्यायला मला चौथा दिवस लागला, आणि इरम्मानं तो पहिल्याच संध्याकाळी घेतला होता. मोठ्या माणसाला वेळ द्यावा म्हणून गप्प होती.

"दोड्डप्पा," ती म्हणाली, "अठ्ठाविसाच्या जागी बत्तीस बुडाल्या. म्हंजे आपली घटका चोवीस मिंटांची न्हाय, एकवीसच मिंटांची हाय. वाटी घाई करतीया."

मी म्हटलं, "तांबं घाई करत नसतं."

तेवढ्यात तीन आठवड्यांनी खांबाला वाचा फुटली. "खांबा, ती वाटी मी दर सोमवारी चिंच अन् राखेनं घासते. माझ्या आधी सासूबाई घासत हुत्या. तीस वर्सं घासल्यावर भोक मोठं हुईल न्हाय तर काय बारीक हुईल?"

धोंडप्पा, आपल्या घरात तीस वर्षं दर सोमवारी भक्तिभावानं काळ झिजवला जात होता आणि मी त्याच्यावर मुहूर्त काढत होतो. दोन वर्षांपूर्वी नळदुर्गच्या मोटारअड्ड्यावर चार लोकांत मी तुला म्हटलं होतं, "भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला काळ कळत नाही." त्यावर तू वाटीला बोललास आणि मोटारीत चढलास. तू वाटीला बोललास ते बरोबर होतं. मी तुला बोललो ते चूक होतं. हे वाक्य मी कच्च्या कागदावर चारदा लिहून मग इथं उतरवलं आहे, म्हणून अक्षर बरं आलंय.

गावात लपवता आलं असतं, पण धुळाप्पा गावभर ओरडत गेला, "आमची वाटी खोटी हाय!" तासाभरात ओसरी भरली. शेजारची गजराबाई कमरेवर हात ठेवून उभी. "शास्त्री, म्हंजे माझं लगीन मुहूर्तावर लागलंच न्हाय म्हना की."

"नाही लागलं, गजराबाई."

"मग पुन्यांदा लावा. पर आता नवरा दुसरा बघा."

तिचा नवरा मागंच उभा होता. तो म्हणाला, "माझीबी तयारी हाय." लोक इतके हसले की गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली.

हसणं ओसरल्यावर इरम्मा पत्रिका घेऊन आली. तिचा जन्म सूर्योदयानंतर चोवीस बुड्यांनी झाला, असं मी स्वतः नोंदवलं होतं. त्या बुड्या एकवीस मिनिटांच्या असल्या तर तिची वेळ एक तास बारा मिनिटांनी सरकते, लग्नरास बदलते, सगळी घरं हलतात. आणि तेरा वर्षांपूर्वी भोक नेमकं केवढं होतं, हे चिंचेला विचारायला हवं. म्हणजे जुनी पत्रिका खरी नाही, आणि नवी करायला आधार नाही.

तसं मी सास्तूरला लिहून कळवलं आहे. कळवणं माझं काम होतं. कळवताना मी गुणगुणत होतो, असं नागप्पा म्हणतो. त्याच्या साक्षीवर विसंबू नकोस.


माकणी, माघ वद्य अमावास्या

धोंडप्पा,

महालिंगप्पा शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गाडी जुंपून स्वतः आले. पटका नवा, चेहरा दुकानाच्या वेळेचा. बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "शास्त्री, धोंडप्पानं शबुद दिलाय. वाटीबिटीचं सोडा. पत्रिका काढा."

मी त्यांना घंगाळाशी नेलं, बत्तीस रेघा दाखवल्या. ते ऐकत ऐकत एकदम थांबले.

"अवो, पर माझं लगीन तुमच्या वडलांनी ह्याच वाटीवर लावलं!"

"टिकलं ना?"

"टिकलं. कसं टिकलं ते माझं मला ठावं." मग जरा सावरून म्हणाले, "बरं, धा-पाच मिंटांनी काय बिघडतंय?"

"धा-पाच न्हाय," दारातून आवाज आला. "बहात्तर मिंटं."

होणाऱ्या सासऱ्यासमोर मुलीनं बोलू नये. इरम्मा पाटी छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती आणि बोलून बसल्यावर तिचे कान लाल झाले. मी रागवायला तोंड उघडलं, पण महालिंगप्पांमधला व्यापारी जागा झाला होता.

"हिसाब येतो व्हय तुला? मग सांग. पावणेतीन मण हरभरा हाय. साडेसात शेरांच्या मापानं किती मापं भरतील?"

तिनं पाटी खाली ठेवली, तोंडीच सांगितलं. "चौदा मापं. वर पाच शेर उरतील." आणि अगदी शिकायच्याच इच्छेनं तिनं विचारलं, "पर मापाचा कठडा झिजला आसंल तर जास्ती मापं भरतील की. तुमी माप कवा तपासलं हुतं?"

धुळाप्पा तोवर पुढं सरकला होता. तो म्हणाला, "तुमचं माप आना की, मामा. आमी पान्यात बुडवून बघतो."

महालिंगप्पांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग खांबाकडं, आणि मग ते असे हसले की पटका सुटला. डोळे पुसत म्हणाले, "शास्त्री, पोरगी गुनाची हाय. देवाशपथ सांगतो, लई गुनाची हाय. पर हिला माझ्या दुकानात बसवली तर महिन्याभरात गिऱ्हाईक मला शानपन शिकवंल." थोडा वेळ मिशी कुरवाळली. "चारचौघांत म्या पत्रिकेचं कारन सांगतो. दोघांचीबी अब्रू ऱ्हाती. धोंडप्पाला म्हनावं, तुझा शबुद म्या परत दिला, मनात काय न्हाय."

आतून तातडीनं हुकूम सुटला, "खांबा, पाव्हण्यांना हुग्गी वाढ!" त्या गव्हाच्या खिरीवर तूप पळीनं नव्हे, वाटीनं आलं. दुसऱ्या वाटीनं, बिनभोकाच्या.

ते गेल्यावर इरम्मा उठली. अंगणात जाऊन तिनं नागप्पाच्या काठीची सावली मोजली, पुन्हा मोजली, आणि मग दोन्ही भावांना हाताला धरून काठीभोवती इतकं गरगर फिरवलं की तिघं शेणाच्या ढिगात पडली. त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही. शिक्षकच हसत बसला होता.

तू विचारशील, अण्णांनी हे मुद्दाम केलं का? वाटी मी झिजवली नाही. बत्तीस मी मोजायला लावलं, पण बत्तीस येतील हे मला ठाऊक नव्हतं. आनंद तेवढा माझा आहे. तो मी लपवणार नाही, तुझा शब्द मोडला म्हणून तू आणखी दोन वर्षं रुसलास तरी.


माकणी, फाल्गुन वद्य दशमी

प्रिय धोंडप्पा,

तुझं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव होतं. ते मी ओसरीत दोनदा आणि परसात एकदा वाचलं. "अण्णा, वाटीचं वाचून खोलीतले सगळे पोट धरून हसले. मी जरा उशिरा हसलो, कारण आधी डोळे पुसायचे होते. पाडव्याला येतो. इथल्या मुलींच्या शाळेत विचारलं आहे, इरम्माची सोय होईल, राहायला माझ्या खोलीशेजारच्या सत्यभामाबाई ठेवून घेतील. पण तुम्ही काय म्हणता?"

आधी गावाची बातमी. पाडव्याला देवळात नवं पंचांग कुणी वाचायचं, यावर पाटलांनी बैठक घेतली आणि ठरवलं की ज्यानं वाटी पकडली त्यानंच वाचावं. इरम्मा वाचणार. गजराबाईनं सांगून ठेवलंय, पाऊसमान चांगलं सांग, नाहीतर ते पण पुन्हा मोजायला लावीन. शांतम्मानं लेकीसाठी इरकल लुगडं काढून उन्हात टाकलंय. धुळाप्पाला गुरुवार आला. तो सध्या दारं, पोती आणि म्हैस, सगळ्यांवर खडूनं गुरुवार लिहितो. नागप्पानं तुझ्यासाठी प्रश्न काढलेत. परीक्षा तू घेणार नाहीस, तुझी होणार आहे. मोटारीत बसल्या बसल्या दीडकी घोकत ये.

आता तू विचारलंस ते. मी काय म्हणतो.

काल मी तिला न पाठवण्याची कारणं लिहून काढली. तिघं एकत्र शिकतात, गाडी चांगली रुळाला लागली आहे, तीत मोडता घालू नये. आणखी एक वर्ष थांबावं. सोलापुरात तिची इयत्ता वेगळी होईल आणि तुझाच एक अभ्यासक्रमाचा हुकूम मोडेल. सगळी कारणं चांगली होती. वाचून पाहिली आणि चुलीत घातली.

गेल्या पंधरवड्यापासून इरम्माच्या पाटीवर चुका येताहेत. सोप्या चुका, हातचा विसरण्याच्या. मी दाखवून देतो, ती "व्हय की, दोड्डप्पा" म्हणते आणि सुधारते, आणि माझा दिवस चांगला जातो. परवा दुपारी मी गोठ्यात होतो, त्यांना ते माहीत नव्हतं. तेच गणित ती नागप्पाला समजावून सांगत होती, एकही चूक न करता, मी सांगतो त्याहून सोप्या रीतीनं. मग तिनं पाटीवरचा मधला एक आकडा पुसला, चुकीचा लिहिला, आणि पाटी घेऊन मला शोधत आली.

माझ्याजवळचं संपलं आहे, हे तिला कळलंय. मला वाईट वाटू नये म्हणून ती मागं राहायला शिकते आहे, आणि ते तिला फार चांगलं जमतंय. मला भीती आहे ती एवढीच. तिला घेऊन जा, धोंडप्पा. मी नको म्हणालो तरी घेऊन जा.

तुझा अण्णा
सोमलिंग